गुडघा नवा, हाड जुनंच

आजचा भाग थेट तुमच्याबद्दल नाहीये. तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल आहे. आईच्या, आजीच्या, मावशीच्या, शेजारच्या काकांच्या. कुठल्याही लग्नाच्या मांडवात पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसलेल्या बायकांच्या गप्पा ऐका, एखादी तरी "माझी वाटी बदलली ना गं" म्हणतेच. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली आणि हे ऑपरेशन बऱ्याच जास्त घरांच्या आवाक्यात आलं. त्यात माझंही घर आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझं रोजचं काम मॉनिटरिंगचं. सर्व्हर चालू आहे का, मेमरी भरत चाललीय का, रात्री तीनला अलर्ट वाजला तर कोण उठणार, हे सगळं. दोन वर्षांपूर्वी आईचा उजवा गुडघा बदलला. तेव्हापासून तिच्या डॉक्टरांना विचारलेले प्रश्न, फिजिओथेरपिस्टशी झालेली बोलणी आणि रात्री जागून वाचलेले पेपर, एवढंच माझं भांडवल. त्यामुळे इथे ऐकलेलं काहीही स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका. प्रश्न विचारायला मात्र जरूर वापरा.

तर मुद्दा असा. ऑपरेशननंतर सगळं घर गुडघ्याकडे बघतं. किती वाकतो, सूज किती, जिना चढता येतो का. ज्या हाडात तो गुडघा बसवलाय त्या हाडाकडे कुणी बघत नाही. आणि हाड कमी होताना दुखत नाही. आमच्या भाषेत याला सायलेंट फेल्युअर म्हणतात. डॅशबोर्ड हिरवागार असतो आणि आत डिस्क भरत असते.

आधी हे बघू की गुडघा बदलतात म्हणजे नेमकं काय करतात. "वाटी बदलली" हा आपला बोलायचा प्रकार. खरी वाटी, म्हणजे पुढचं ते गोल हाड, बऱ्याचदा आहे तिथेच असते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक घासून त्यावर धातूची टोपी बसवतात. नडगीच्या हाडाच्या माथ्यावर धातूचं ताट बसवतात. मध्ये एका खास प्लास्टिकची, पॉलिथिलीनची चकती. टोपी बहुतेक वेळा कोबाल्ट-क्रोमियमची असते आणि सिमेंटने हाडाला चिकटवलेली असते. धातू, प्लास्टिक, सिमेंट हे सगळं निर्जीव. त्याला धरून ठेवणारी जिवंत गोष्ट एकच, हाड.

आणि हाड आपल्याला वाटतं तसा दगड नसतं. त्यात जुनं खाणाऱ्या पेशी असतात आणि नवं बांधणाऱ्या पेशी असतात, दोघींचं काम आयुष्यभर चालू. यूलियुस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यातली कल्पना सोपी आहे: हाडावर जसा भार येतो तसं हाड स्वतःला घडवतं. भार वाढला की मजबूत होतं, भार गेला की पातळ होतं. आयटीवाल्यांनो, हे ऑटोस्केलिंग आहे. ट्रॅफिक आलं नाही की शरीर सर्व्हर बंद करत जातं. फुकट कशाला चालवायचे?

आता कोबाल्ट-क्रोमियम हाडापेक्षा दहापटीहून जास्त ताठ असतं. जुन्या वाड्यात लाकडी तुळईला आधार म्हणून शेजारी लोखंडी गर्डर टाकला की सगळं वजन गर्डरवर जातं आणि लाकूड नुसतं नावाला उरतं. लाकडाचं काही बिघडत नाही, ते तसंच पडून राहतं. हाड मात्र तसं पडून राहत नाही. "माझ्यावर भारच नाही, मग मी कशाला?" म्हणून ते विरळ व्हायला लागतं. याला स्ट्रेस शिल्डिंग म्हणतात. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, धातूच्या टोपीच्या आत पुढच्या बाजूला हे सगळ्यात जास्त होतं. वेगवेगळ्या अभ्यासांची सरासरी काढली तर तिथली घनता पहिल्या वर्षात साधारण १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यानंतर वेग बराच कमी होतो.

घाबरू नका. हे थोडंफार जवळपास प्रत्येकाला होतं आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. परदेशातल्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. गाडी सोडा, घराचं प्लंबिंगसुद्धा इतकं टिकत नाही.

प्रश्न येतो तो सुरुवातीलाच हाड कमी असलेल्यांचा. आणि आपल्याकडे गुडघा बदलायला येणाऱ्यांमध्ये त्या कमी नसतात. साठीच्या आसपासच्या बायका, पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेली, ड जीवनसत्त्व कमी, आणि ऑपरेशनच्या आधीची चार-पाच वर्षं लंगडत, घरातल्या घरात काढलेली. म्हणजे भार आधीच कमी झालेला असतो. त्यात आपल्या भागातली आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल घरात कुणी मोठ्याने बोलत नाही: पिशवीचं ऑपरेशन. चाळिशीत, कधी त्याच्याही आधी गर्भाशय काढलेल्या बायका गावोगाव आहेत. त्याच्याबरोबर अंडाशयही काढली असतील तर इस्ट्रोजेन एकदम थांबतं आणि हाडं खाणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. माझ्या आईचं हेच झालं होतं, ४३ व्या वर्षी. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर "आधीच्या शस्त्रक्रिया" या रकान्यात बाबांनी एक ओळ लिहिली आणि तो विषय तिथेच संपला. हाडांच्या दृष्टीने त्या अख्ख्या फाइलमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच होती.

दुसरी वाट प्लास्टिकची. चकती वर्षानुवर्षं घासली जाते, तिचे अतिसूक्ष्म कण सुटतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या चिडतात, रासायनिक संदेश सोडतात, आणि त्या संदेशांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. धातूच्या मागे हाडात पोकळ्या तयार होतात. याला ऑस्टिओलिसिस म्हणतात. हे पहिल्या वर्षात होणारं प्रकरण नाही, बरीच वर्षं लागतात. हल्लीचं प्लास्टिकही पूर्वीपेक्षा खूप सुधारलंय. पण "माझ्या ऑपरेशनला बारा वर्षं झाली, आता कसला डॉक्टर" म्हणणारे जे असतात ना, तपासणीची खरी गरज त्यांनाच असते.

मग बघायचं कसं?

एक्स-रे तर काढतातच. एक्स-रेमध्ये गुडघा सरकलाय का, सिमेंट आणि हाडाच्या मध्ये काळी रेघ दिसते का, ती रेघ आधीपेक्षा रुंद झालीय का, हे कळतं. पण हाडाची घनता मोजायला एक्स-रे फार मठ्ठ सेन्सर आहे. साधारण ३० ते ४० टक्के हाड गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणजे "एक्स-रे नॉर्मल" याचा अर्थ "सांधा जागेवर आहे" असा घ्या, "हाड भक्कम आहे" असा नाही.

शिवाय एकटा एक्स-रे अर्धाच उपयोगाचा. त्याची खरी किंमत तुलनेत. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे ही बेसलाइन. ती नसेल तर पाच वर्षांनी दिसलेली रेघ नवी की पहिल्यापासूनची, हे कोण सांगणार? आईचे एक्स-रे हॉस्पिटलने एका लिंकवर दिले होते. नाव घेत नाही, पण ती लिंक ९० दिवसांनी बंद झाली. मी पहिल्याच आठवड्यात मूळ फाइल उतरवून घेतली होती म्हणून आमचं भागलं. काउंटरवर फिल्मचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात, तो पुरत नाही. मूळ डिजिटल फाइल मागा. इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकरही मागा, त्यावर कंपनी, साइझ, बॅच नंबर असतो. उद्या गुडघा पुन्हा उघडायची वेळ आली तर सर्जन पहिला प्रश्न हाच विचारणार.

घनता मोजायची खरी तपासणी म्हणजे डेक्सा. दहा-पंधरा मिनिटं टेबलावर पडून राहायचं, किरणोत्सर्ग अगदी नाममात्र. खुबा आणि कंबरेचे मणके मोजतात. नव्या गुडघ्याभोवतीही डेक्साने मोजता येतं, पण त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि ते मुख्यतः संशोधनात वापरतात. त्यामुळे "गुडघ्याचा डेक्सा करा" असा हट्ट धरू नका. खुब्याचा आकडा हातात असला की बाकीच्या हाडांचा अंदाज येतो.

रिपोर्टवर टी-स्कोअर असतो. तरुण, निरोगी माणसाच्या सरासरीपासून तुम्ही किती खाली, ते तो सांगतो. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये हाड विरळ. उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या या सीमा आहेत.

आता एक मजेशीर गोष्ट. आईचा मणक्याचा स्कोअर आला उणे १.३ आणि खुब्याचा उणे २.७. बाबा खुश. म्हणाले, "सरासरी उणे दोन, म्हणजे पास." मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे. त्या म्हणाल्या, सरासरी काढायची नसते, सगळ्यात खालचा आकडा धरायचा. आणि मणक्याचा आकडा फसवा आहे. संधिवात असलेल्या माणसाच्या मणक्यावर वयानुसार हाडाचे काटे वाढलेले असतात. मशीन त्यांनाही हाड म्हणूनच मोजतं, म्हणून घनता जास्त दिसते. गुडघे झिजलेल्या माणसांमध्ये हे होणारच ना! सेन्सर खोटं बोलतो तो असा, आकडा बरोबर आणि अर्थ चुकीचा.

पुन्हा डेक्सा करायचा तो साधारण वर्ष-दोन वर्षांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा. आणि शक्यतो त्याच मशीनवर. वेगळ्या सेंटरला वेगळ्या कंपनीचं मशीन असतं, आकडे सरळ जुळत नाहीत. त्याच मशीनवरही दोन-तीन टक्क्यांची हालचाल मोजमापाच्या चुकीत बसू शकते. तेवढ्यावर पेढे वाटू नका आणि रडूही नका. दुसऱ्या खुब्यात आधीच धातू असेल तर विरुद्ध बाजूचा मोजतात, दोन्हीकडे असेल तर मनगटाजवळचं हाड.

आणि ती गणपती मंडळात किंवा मेडिकलच्या दारात लागणारी फुकट शिबिरं? टाच एका खोक्यात ठेवायची आणि दोन मिनिटांत चिठ्ठी. ती अल्ट्रासाउंडची चाचणी. धोका असू शकतो एवढं सुचवायला ठीक, पण तिच्यावरून निदान ठरत नाही आणि औषधाचा गुण आला की नाही, हे तर अजिबात कळत नाही. आईची शिबिरातली चिठ्ठी "सामान्य" होती. ती अजून देवघरात ठेवलेली आहे.

हे सगळं कशासाठी? आमच्या गल्लीत एक काकू आहेत. दोन्ही गुडघे बदललेले, छान चालायच्या, रोज देवळात जायच्या. एका सकाळी ओल्या फरशीवर पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं, बरोबर धातूच्या टोपीच्या वर. ताठ धातू जिथे संपतो आणि विरळ हाड जिथे सुरू होतं, तो सांधा कमकुवत. असं फ्रॅक्चर जोडणं अवघड असतं, कारण स्क्रू मारायला खाली चांगलं हाडच नसतं आणि जे असतं ते टोपीने व्यापलेलं. लांब प्लेट, तीन महिने पायावर वजन नाही. सूनबाईंनी नोकरीतून बिनपगारी रजा घेतली. काकू आता चालतात, वॉकर घेऊन. देवळात जात नाहीत. प्रत्येकाला होतं असं नाही, पण होतं तेव्हा घराचं वेळापत्रक मोडून टाकतं.

उपायाचं बोलू. आपल्याकडे हाडांचा विषय निघाला की उत्तर एकच, "कॅल्शियम चालू आहे ना?" कॅल्शियम म्हणजे विटा. विटा आणून टाकल्या म्हणून भिंत उभी राहत नाही. तरी विटा हव्यातच. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, एका पेलाभर दुधात २४० च्या आसपास. नाचणीची भाकरी, दूध-दही, तीळ, पालेभाजी यांचा हिशोब लावा आणि जेवढं कमी पडेल तेवढीच गोळी. ड जीवनसत्त्वाची ती ६०,००० युनिटची पाकिटं आठवड्याला एक अशी काही आठवडे देतात, नंतर बदलतात. काही घरांत ती किराण्यासारखी वर्षानुवर्षं चालू असतात. तीही अति झाली की अपाय होतो. रक्त तपासून ठरवा.

ऑस्टिओपोरोसिस ठरला तर खरं औषध वेगळं. बहुतेक वेळा सुरुवात बिसफॉस्फोनेट गटाने होते. हाड खाणाऱ्या पेशींना ही औषधं आवर घालतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात ती दिली तर इम्प्लांटभोवतीचं हाड कमी उतरतं, असं चाचण्यांमध्ये दिसलंय. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून असंही आलं की ही औषधं घेणाऱ्यांमध्ये पुन्हा ऑपरेशनची वेळ जवळपास निम्म्यांवर आली. पण तो नुसता नोंदींचा अभ्यास आहे. औषध नेमाने घेणारी माणसं बाकीची काळजीही घेतात, तो फरक त्यात मिसळलेला असू शकतो. म्हणून गुडघा बदललेल्या सरसकट सगळ्यांना ही गोळी देत नाहीत. टी-स्कोअर, वय, आधीचं फ्रॅक्चर, स्टेरॉइड हे बघून ठरतं.

आठवड्याला एक घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी कशी घ्यायची, हे औषधाइतकंच महत्त्वाचं. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. चहासुद्धा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलेल्या बाईला चहाशिवाय अर्धा तास बसवणं म्हणजे काय, ते आमच्या घरी येऊन बघा. दर रविवारी सकाळी साडेसहाला मी पुण्याहून फोन करायचो आणि अर्धा तास गप्पा मारायचो, तेवढ्यात वेळ जायचा. चहाबरोबर घेतली तर गोळी पोटातच अडकते, हाडापर्यंत पोचतच नाही. अन्ननलिकेला त्रास होतो तो वेगळाच.

आईला चार महिन्यांनी जळजळ सुरू झाली. मग डॉक्टरांनी वर्षातून एकदा घ्यायची झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाइन दिली. त्याआधी किडनीची, कॅल्शियमची आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी केली. दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी, पॅरासिटामॉलने दोन दिवसांत उतरली. पहिल्या वेळी असं होऊ शकतं, हे आधी माहीत असलं की घर घाबरत नाही. आणि दाताचं मोठं काम, दात काढणं वगैरे, बाकी असेल तर ते आधी उरकून घ्या. या औषधांमध्ये क्वचित जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो.

एक गोष्ट मात्र मोबाइलमध्ये आत्ता लिहून ठेवा. तुमच्या घरी कुणाला डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल, दर सहा महिन्यांनी कातडीखाली देतात ते, तर त्याची तारीख चुकवायची नाही. ते थांबलं की दबलेल्या पेशी एकदम उसळतात, कमावलेलं हाड भराभर जातं आणि मणके मोडू शकतात. बंद करायचं असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध देऊन, डॉक्टरांच्या सांगण्यानेच. वयस्कर माणसाला सहा महिन्यांनंतरची तारीख लक्षात राहत नाही. तुमच्या कॅलेंडरला राहते. पंधरा दिवस आधीचा एक रिमाइंडर आणि दोन दिवस आधीचा एक.

आणि सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे भार. वोल्फसाहेबांचा नियम उलटाही चालतो. गुडघा बदलल्यावर "आता जपून हं" म्हणत आपण आईला खुर्चीत बसवून ठेवतो, तेव्हा हाडाला काय संदेश जातो? चालणं, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठ-बस, फिजिओने दाखवलेले मांडीचे आणि खुब्याचे व्यायाम, रोज. आईचा आकडा दिवसाला दोन हजार पावलांवरून साडेपाच हजारांवर यायला आठ महिने लागले. त्याबरोबर घर: बाथरूममध्ये दांडी, घसरणारं पायपुसणं हद्दपार, रात्री उठल्यावर लागेल असा छोटा दिवा, चष्म्याचा नंबर तपासलेला. फरशी पुसायची ती आई दुसऱ्या खोलीत असताना.

शेवटी अलर्ट कोणते, ते सांगतो. बरीच वर्षं छान चाललेला गुडघा नव्याने दुखायला लागला, विशेषतः उठल्यावर पहिल्या चार पावलांना. विनाकारण सूज. पाय दगा देतोय असं वाटणं. पाय वाकडा दिसायला लागणं. यातलं काहीही असेल तर मालिशवाल्याकडे नाही, सर्जनकडे. लालसर, गरम गुडघा आणि ताप असेल तर त्याच दिवशी, कारण तो जंतुसंसर्ग असू शकतो. काहीच नसेल तरीसुद्धा सर्जनने दिलेल्या तारखांना जायचं. आईचं वर्षाच्या तपासणीला म्हणणं होतं, "दुखत नाही तर कशाला जायचं? दोनशे रुपये पेट्रोल आणि अख्खा दिवस." त्याच भेटीत डॉक्टरांनी फाइल उलटी-सुलटी करून विचारलं, "पिशवी काढली तेव्हा वय किती होतं?" आणि डेक्सा लिहून दिला.

आईचा दुसरा डेक्सा येत्या डिसेंबरमध्ये आहे, त्याच सेंटरला, त्याच मशीनवर. तुमच्या घरच्या रिपोर्टमधलं काही कळलं नसेल तर विचारा. पण रिपोर्टचा फोटो पाठवताना नाव आणि फोन नंबर झाकून पाठवा. पुढच्या भागात आपण बोलणार आहोत बाबा लोकांच्या हाडांबद्दल. त्यांचीही विरळ होतात, फक्त त्यांचा डेक्सा कुणी करत नाही. भेटूया.